बांधकामाचा इकॉनॉमिक इम्पॅक्ट : डॉलर नक्की कुठल्या वर्षाचा धरायचा?

केतकी_प

नमस्कार मंडळी. अमेरिकेत प्लॅनिंग, ट्रान्सपोर्टेशन नाहीतर इकॉनॉमिक कन्सल्टिंगमध्ये काम करणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून मुद्दाम हा धागा काढतेय.

एका काउंटीच्या रस्ता-रुंदीकरण आणि पुलाच्या कामाचा इम्पॅक्ट रिपोर्ट (या खर्चातून काउंटीत किती नोकऱ्या, किती उलाढाल झाली त्याचा अंदाज) माझ्याकडे तपासायला आलाय. बांधकामाचा खर्च १२० मिलियन डॉलर. काम दीडेक वर्ष चाललं, पण बहुतेक बिलं २०२४ मध्ये दिली गेली म्हणून सगळा खर्च २०२४ चाच धरलाय. हा अंदाज ज्या इकॉनॉमिक मॉडेलने काढलाय त्याचा डेटा २०२२ चा. आता गंमत अशी की टेबलावर दोन ड्राफ्ट आहेत, खर्च तोच, काउंटी तीच, मॉडेल तेच, आणि एकात १२०० नोकऱ्या तर दुसऱ्यात १०४३. एवढा फरक फक्त महागाई कशी धरली त्यामुळे पडलाय असं दिसतंय. मीटिंगमध्ये एका सिनियरने सांगितलं की अगं महागाई काय, ती शेवटी रिझल्टला लावायची, नोकऱ्यांशी तिचा काय संबंध. मला हे पटलं नाही पण नीट मुद्देसूद उत्तर देता आलं नाही.

शिवाय त्या एक्सेल शीटमध्ये सगळी खिचडी आहे. डिझाइनची फी २०२१ मध्ये दिलेली, जमीन २०२० मध्ये घेतलेली, आणि झाडं-पदपथाचं थोडं काम अजून व्हायचंय, त्याचा अंदाज २०२७ च्या डॉलरमध्ये. हे सगळं बेरीज करून एका बॉक्समध्ये टाकलेलं. जाणकारांनी प्लीज सविस्तर लिहा.

गणिती

केतकी ताई, चांगला विषय काढलात. सिनियरचं म्हणणं चूक आहे आणि नोकऱ्यांच्या बाबतीत तर बरोबर उलटं आहे, महागाईचा खरा फटका नोकऱ्यांच्याच आकड्याला बसतो.

मॉडेल काय करतं ते बघा. २०२२ च्या डेटावर बांधलेल्या इनपुट-आउटपुट मॉडेलला (कुठली इंडस्ट्री कोणाकडून किती विकत घेते त्याचा तक्ता) एवढंच माहीत असतं की २०२२ मध्ये त्या भागात रस्तेबांधणीची दर मिलियन डॉलर उलाढाल होती त्यामागे किती माणसं कामाला होती. समजा सगळे परिणाम धरून, म्हणजे डायरेक्ट (प्रत्यक्ष बांधकामातले), इनडायरेक्ट (माल-सेवा पुरवणाऱ्यांकडचे) आणि इंड्यूस्ड (या सगळ्यांचे पगार खर्च झाल्याने होणारे) मिळून, दर मिलियनला १० नोकऱ्या येतात. हे १० म्हणजे २०२२ च्या भावातल्या मिलियनला १०. तुमचे १२० मिलियन २०२४ च्या भावातले आहेत. दोन वर्षांत बांधकाम १५ टक्क्यांनी महागलं असं धरून चालू, तर त्याच १२० मिलियनमध्ये २०२२ च्या हिशोबाने १०४.३ मिलियनचंच काम झालं. डांबर तेवढंच कमी, काँक्रीट तेवढंच कमी, आणि माणसंही तेवढीच कमी. १०४.३ गुणिले १० म्हणजे १०४३. पहिल्या ड्राफ्टवाल्याने १२० सरळ १० ने गुणले म्हणून १२०० आले. हे जे वरचे १५७ जॉब आहेत ना, त्या जागेवर कोणी काम केलेलंच नाही, ती नुसती भाववाढ आहे.

आणि शेवटी रिझल्टला लावायचं म्हणाल तर डॉलरचे आकडे, म्हणजे आउटपुट, लेबर इन्कम, व्हॅल्यू अॅडेड, हे २०२२ मधून परत २०२४ मध्ये आणता येतात, आणलेच पाहिजेत. नोकरीला मात्र वर्षाचा डॉलर नसतो. इम्प्लानमध्ये, म्हणजे अशा मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये, रिझल्ट बघताना डॉलर इयर बदलून बघा, पैशांचे रकाने हलतील, एम्प्लॉयमेंटचा रकाना जिथल्या तिथे राहील. म्हणून नोकऱ्यांच्या बाबतीत जी काय दुरुस्ती करायची ती आत जातानाच करायची असते, नंतर संधी नाही.

मला या विषयाची फार तळमळ आहे कारण लोक रिपोर्टमधला एकच आकडा वाचतात आणि तो नोकऱ्यांचा असतो. कौन्सिलच्या मीटिंगमध्ये तोच वाचला जातो, पेपरात तोच छापून येतो.

सुधीर_मो

गणिती, थोडा वेगळा सूर लावतो. मल्टिप्लायर हे गुणोत्तर आहे. एक डॉलर खर्च झाला तर एकूण १.८ डॉलरची उलाढाल, यात वरही डॉलर खालीही डॉलर, दोन्हीकडे महागाई सारखीच लागणार मग ती कटून जाते. आम्ही रिम्स टू (बीईए, म्हणजे अमेरिकी सरकारच्या ब्यूरो ऑफ इकॉनॉमिक अॅनालिसिसचे मल्टिप्लायर) वापरतो आणि आउटपुट काढताना कधीच काही डिफ्लेट केलेलं (महागाई काढून डेटाच्या वर्षाच्या भावात आणलेलं) नाही, रिपोर्ट व्यवस्थित रिव्ह्यूमधून पास होतात. उगाच सोप्या गोष्टीचा बाऊ होतोय असं वाटतं.

गणिती

सुधीरराव, तुमचा मुद्दा आउटपुट आणि अर्निंग्जपुरता ठीक आहे. पण रिम्स टू चा फायनल-डिमांड एम्प्लॉयमेंट मल्टिप्लायर बघा, तो दर मिलियन डॉलरला इतक्या नोकऱ्या असा दिलेला असतो. तिथे वर माणसं आहेत आणि खाली डॉलर, कटणार काय? बीईएच्या स्वतःच्या गाईडमध्येच सांगितलंय की नोकऱ्या काढायच्या असतील तर फायनल डिमांडमधला बदल (इथे बांधकामाचा खर्च) मल्टिप्लायरच्या रीजनल डेटा इयरच्या (तो ज्या वर्षाच्या प्रादेशिक डेटावर काढलाय त्या वर्षाच्या) डॉलरमध्ये आणून घ्या. ही अट रिव्ह्यूवाल्यांनी विचारली नाही म्हणून ती नाही असं होत नाही.

आणि आउटपुटमध्येही ते पूर्णपणे कटतं असं मी म्हणणार नाही. सगळ्या गोष्टी सारख्याच वेगाने महाग झाल्या तर कटेल. २०२१ ते २०२३ मध्ये स्टील, लाकूड, डिझेल, मजुरी, घरभाडं सगळं वेगवेगळ्या वेगाने आणि काही तर वेगवेगळ्या दिशेने गेलं. लाकडाचे वायदे मे २०२१ मध्ये हजार बोर्ड फुटांना १६०० डॉलरच्या वर गेले होते आणि ऑगस्टपर्यंत ५०० च्या आसपास आले. इम्प्लान प्रत्येक इंडस्ट्रीला तिचा तिचा डिफ्लेटर (भाववाढ काढायचा इंडेक्स) लावतो, त्यामुळे तेच रिझल्ट २०२२ डॉलरमध्ये बघितले तर आउटपुटचा मल्टिप्लायर थोडा वेगळा आणि २०२४ मध्ये बघितले तर थोडा वेगळा दिसतो. हा सॉफ्टवेअरचा बग नाही.

खडीवाला

मी इकॉनॉमिस्ट नाही, हायवे एस्टिमेटिंगमध्ये आहे, पण त्या १५ टक्क्यांवर बोलल्याशिवाय राहवत नाही कारण सगळा खेळ त्याच आकड्यावर आहे. केतकी, दुसऱ्या ड्राफ्टवाल्याने कुठला इंडेक्स लावला ते आधी विचार. खूप लोक डोळे झाकून सीपीआय, म्हणजे ग्राहक किंमत निर्देशांक, लावतात. सीपीआय-यू ची वार्षिक सरासरी २०२२ ला २९२.६५५ आणि २०२४ ला ३१३.६८९, म्हणजे ७.२ टक्के वाढ. तो लावला तर १२० चे ११२ मिलियन होतात आणि नोकऱ्या ११२०. म्हणजे आता तीन उत्तरं झाली, १२००, ११२० आणि १०४३.

पण सीपीआयमध्ये काय असतं? घरभाडं, किराणा, कपडे, औषधं, पेट्रोल. पुलाचा गर्डर त्यात कुठे आहे? घरगुती खर्चाचा इंडेक्स पुलाला लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालणं आहे. आपल्या लाईनीत हायवेसाठी एफएचडब्ल्यूएचा (फेडरल हायवे अॅडमिनिस्ट्रेशनचा) नॅशनल हायवे कन्स्ट्रक्शन कॉस्ट इंडेक्स आहे, एनएचसीसीआय. दर तिमाहीला येतो, २००३ ची पहिली तिमाही बेस, आणि राज्यांच्या डीओटींनी (वाहतूक खात्यांनी) ज्या बिड (कंत्राटदारांच्या निविदा) मंजूर केल्या त्यांच्या आयटमवार दरांवरून काढतात. म्हणजे कागदावरचा भाव नाही, सरकारने जो दर मान्य केला तो. २०२० च्या शेवटापासून २०२३ च्या शेवटापर्यंत हा इंडेक्स निम्म्याहून जास्त वाढला आणि त्याच काळात सीपीआय वाढला साधारण १८ टक्के. आता सांगा, २०२० च्या डेटावर २०२३ चं रस्त्याचं काम सीपीआयने डिफ्लेट केलं तर नोकऱ्या किती फुगणार.

निशिगंध

छान चर्चा, वाचतेय. मी या फील्डमध्ये नवीन आहे, मास्टर्स चालू आहे. आमच्या क्लासमध्ये ईएनआर या बांधकाम क्षेत्रातल्या नियतकालिकाचा कन्स्ट्रक्शन कॉस्ट इंडेक्स (सीसीआय) शिकवला. तो बांधकामाचाच आहे ना, मग तो चालेल का?

खडीवाला

निशिगंध, बांधकामाचा आहे हे खरं पण तो काय मोजतो ते बघून घे. ईएनआरच्या सीसीआयमध्ये चारच गोष्टी असतात. २०० तास साधी मजुरी, २५ हंड्रेडवेट (१०० पौंडांचं एक) स्ट्रक्चरल स्टील, १.१२८ टन पोर्टलँड सिमेंट आणि १०८८ बोर्ड फूट टू-बाय-फोर लाकूड. वीस शहरांची सरासरी, १९१३ बरोबर १००. त्यांचाच बिल्डिंग कॉस्ट इंडेक्स आहे त्यात साध्या मजुरीच्या जागी ६८.३८ तास कुशल मजुरी, बाकी तेच. शंभर वर्षांहून जास्त काळ एकच टोपली मोजत आलेत त्यामुळे लांब पल्ल्याच्या तुलनेला तो उपयोगी आहे, मी स्वतः आदराने वापरतो. पण त्यात डांबर नाही, डिझेल नाही, मशीनचं भाडं नाही, आणि कंत्राटदाराचा नफा तर नाहीच. पुलावर दोन बाय चारचं लाकूड किती लागतं? २०२१ मध्ये लाकडाने जी उडी मारली ती या इंडेक्समध्ये येते आणि रस्त्याच्या कामाशी तिचा फारसा संबंध नसतो.

हाच प्रॉब्लेम बीएलएसच्या (अमेरिकी सरकारच्या ब्यूरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सच्या) ‘इनपुट्स टू कन्स्ट्रक्शन’ पीपीआयचा (उत्पादक किंमत निर्देशांकाचा). त्यात मजुरी नाही, फक्त माल आणि सेवा. नावात कन्स्ट्रक्शन आहे म्हणून लोक उचलतात. बीएलएसचेच दुसरे पीपीआय आहेत, नवीन ऑफिस, शाळा, वेअरहाऊस, इंडस्ट्रियल आणि हेल्थ केअर बिल्डिंगचे, ते पूर्ण बिल्डिंगची किंमत मोजतात, कंत्राटदाराचं ओव्हरहेड आणि नफा धरून. शाळा बांधताय तर तो घ्या. २०२१ मध्ये मालाचा इंडेक्स आधी भडकला आणि बिल्डिंगच्या किमती मागाहून वर आल्या, मधल्या काळात कंत्राटदार स्वतःचं मार्जिन घालवत बसले होते. त्या काळातला प्रोजेक्ट कुठल्या इंडेक्सने डिफ्लेट केला यावर उत्तर चांगलंच बदलतं.

गणिती

खडीवाला, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. यात मॉडेलच्या बाजूने एक भर घालतो. मॉडेलमध्ये आपण बांधकाम इंडस्ट्रीचं आउटपुट टाकतो, म्हणजे मालकाने कंत्राटदाराला दिलेली पूर्ण रक्कम, नफ्यासकट. मग त्याला डिफ्लेटरही आउटपुटच्या किमतीचा हवा, मालाच्या किमतीचा नको. बिडच्या दरांवरचा एनएचसीसीआय किंवा पूर्ण बिल्डिंगचा पीपीआय म्हणूनच बसतो. खडी, स्टील, ट्रकिंग हे कुठून किती लागलं ते मॉडेल आतमध्ये स्वतःच काढतं, त्यासाठी वेगळा इंडेक्स लावत बसायचं नाही.

निशिगंध

मग एक बावळट शंका, इम्प्लानमध्ये डॉलर इयरचा ड्रॉपडाऊन आहेच ना? त्यात २०२४ निवडलं की तो स्वतःच डिफ्लेट करतो. मग बाहेरून इंडेक्स लावायचाच कशाला?

गणिती

शंका अजिबात बावळट नाही, याच जागी सगळ्यात जास्त गडबड होते.

हो, तो करतो. इव्हेंटला, म्हणजे मॉडेलमध्ये टाकलेल्या खर्चाच्या एका नोंदीला, २०२४ डॉलर इयर दिलं की त्या इंडस्ट्रीच्या डिफ्लेटरने रक्कम डेटा इयरमध्ये नेतो, गणित करतो आणि रिझल्ट हव्या त्या वर्षात दाखवतो. साध्या कामाला तेवढं पुरे. फक्त डीफॉल्टला चालू वर्ष असतं हे लक्षात ठेवा. २०२१ मध्ये झालेला खर्च तुम्ही २०२५ मध्ये बसून टाकताय आणि ड्रॉपडाऊनला हात लावला नाही तर सॉफ्टवेअर त्याला २०२५ चे डॉलर समजतं आणि गरजेपेक्षा जास्त खाली आणतं, नोकऱ्या कमी दिसतात. तिथे कुठलीही एरर येत नाही, लाल अक्षरं येत नाहीत, रिपोर्ट सुंदर छापून येतो.

आता तुम्हाला स्थानिक परिस्थिती जास्त चांगली माहितीये, खडीवालांसारखा माणूस हाताशी आहे आणि तुम्ही एनएचसीसीआय किंवा राज्याच्या डीओटीचा स्वतःचा इंडेक्स वापरायचं ठरवलं, तर रक्कम बाहेरच २०२२ मध्ये आणा आणि आत टाकताना डॉलर इयर २०२२ च द्या. एक तर हे नाहीतर ते. बाहेर १.१५ ने भागून १०४.३ केले आणि आत परत २०२४ निवडलं तर तो अजून एकदा भागणार, ९०.७ मिलियन, ९०७ नोकऱ्या. मी असे रिपोर्ट बघितलेत. आणि कुणीतरी सावधपणे अंदाज कमी ठेवलाय असं समजून लोक त्याचं कौतुकही करतात.

मेघना_आर

उशिरा आले धाग्यावर. मी प्लॅनिंग एजन्सीच्या फायनान्स बाजूला आहे, आमची भाषाच वेगळी असते, आम्ही वाय-ओ-ई बोलतो, इयर ऑफ एक्सपेंडिचर. फेडरल नियमांप्रमाणे मेट्रोपॉलिटन प्लॅन आणि टिपमध्ये (येत्या काही वर्षांच्या वाहतूक प्रकल्पांच्या यादीत) प्रोजेक्टचा खर्च ज्या वर्षी होणार त्या वर्षाच्या डॉलरमध्येच दाखवावा लागतो, २००७ च्या डिसेंबरपासून हे चालू आहे. कारण सरळ आहे, आजच्या भावात दाखवलं तर दहा वर्षांनी पैसे पुरत नाहीत.

त्यामुळे बजेट शीटमध्ये २०२५ ते २०२९ अशी पाच वर्षं आडवी असतात आणि प्रत्येक रकान्यात त्या त्या वर्षाची महागाई आधीच घातलेली असते. कन्सल्टंट काय करतात, शेवटचा टोटलचा रकाना उचलतात आणि इम्प्लानमध्ये एका इव्हेंटला एका वर्षात टाकतात. पाच वेगवेगळ्या वर्षांचे डॉलर एकत्र केले की ती बेरीज कुठल्याच वर्षाची राहत नाही. फंडिंगसाठी ती बरोबर आहे, कारण तेवढे चेक खरोखर फाडावे लागतील. मॉडेलसाठी नाही. प्रत्येक वर्षाचा वेगळा इव्हेंट करा आणि त्याला त्याचं डॉलर इयर द्या, एवढं केलं की झालं.

बरं अजून एक, हेच प्रोजेक्ट यूएसडॉटच्या (फेडरल वाहतूक खात्याच्या) ग्रँटसाठी गेलं तर बेनिफिट-कॉस्टमध्ये सगळं कॉन्स्टंट डॉलरमध्ये लागतं, एका बेस इयरमध्ये, महागाई काढून, आणि मग वर डिस्काउंटिंग, म्हणजे पुढच्या वर्षांच्या रकमा आजच्या मोलात कमी करून धरणं. म्हणजे एकाच पुलाचे तीन आकडे एकाच फाईलमध्ये फिरतात आणि तिन्ही बरोबर असतात. डिस्काउंटिंग आणि डिफ्लेटिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही इथे सांगून ठेवते. इम्पॅक्टमध्ये नोकऱ्या डिस्काउंट करायच्या नसतात, तरी करणारे भेटतात.

खडीवाला

मेघनाताईंच्या शीटमधल्या एस्केलेशनबद्दल (पुढची भाववाढ आधीच मिळवण्याबद्दल) विचारून घ्या की ते कुठपर्यंत नेलंय. आमच्याकडे पद्धत अशी की एस्टिमेट आजच्या भावात बनवायचं आणि ते कामाच्या मध्यबिंदूपर्यंत एस्केलेट करायचं. काम जानेवारी २०२६ ला सुरू होऊन ३० महिने चालणार असेल तर मध्य येतो एप्रिल २०२७ च्या सुरुवातीला. म्हणजे त्या एस्टिमेटवर जरी २०२५ ची तारीख असली तरी आतले डॉलर २०२७ चे आहेत. कव्हर शीटवरची तारीख बघून डॉलर इयर ठरवू नका, ती बहुतेक वेळा एस्टिमेट छापल्याची तारीख असते. आत ‘एस्केलेशन’ नावाची लाईन असते, कधी कंटिंजन्सीत (अनपेक्षित खर्चासाठी ठेवलेल्या रकमेत) लपवलेली असते, ती शोधा. आणि कंटिंजन्सी खर्च झालीच नाही तर ती इम्पॅक्टमध्ये धरायची नाही. झालेल्या कामाचा रिपोर्ट असेल तर फायनल पेमेंट बघा, बजेट बघू नका.

सुधीर_मो

ओके, नोकऱ्यांचा मुद्दा मान्य. आमच्या टेम्प्लेटमध्ये डिफ्लेट करायचा कॉलम टाकायला सांगतो. पण माझी एक खरी अडचण आहे. क्लायंटला एक इंडेक्स सांगितला की तो म्हणतो दुसरा का नाही. शाळा, रस्ता, सब-स्टेशन, पाइपलाइन सगळं एकाच बाँडमधून (कर्जरोख्यातून) होतंय, प्रत्येकाला वेगळा इंडेक्स लावला तर टेबल कोण वाचणार? एक जीडीपी डिफ्लेटर सगळ्यांना लावला तर निदान सुसंगत तरी राहतं.

गणिती

सुसंगत राहतं पण चुकीच्या बाजूने सुसंगत. जीडीपी डिफ्लेटर पूर्ण अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेचा आहे, त्यात बांधकामाचा वाटा थोडा. २००८-०९ आठवा. मंदीत बांधकामाच्या बिड धडाधड खाली आल्या, कंत्राटदार कामासाठी रांगा लावून उभे होते, एनएचसीसीआय बराच घसरला. सीपीआय २००९ मध्ये जेमतेम ०.४ टक्के खाली आला आणि पुढच्या वर्षी परत वर. सरकारी स्टिम्युलस पॅकेजमधली रस्त्याची कामं त्या काळातली. तिथे सर्वसाधारण इंडेक्स लावला तर नोकऱ्या उलट कमी दिसतात, कारण तेवढ्याच डॉलरमध्ये जास्त रस्ता होत होता. म्हणजे चूक एकाच दिशेने होते असंही नाही, तेजीत फुगवते आणि मंदीत दाबते, त्यामुळे २०१० चा आणि २०२३ चा रिपोर्ट शेजारी ठेवला तर तुलना पार बिघडते.

क्लायंटला टेबल साधं दाखवा, इंडेक्स अपेंडिक्समध्ये जाऊ दे. पण मूळ हिशोबात प्रत्येक प्रकाराला त्याचा इंडेक्स लागलाच पाहिजे, यावर मी ठाम आहे.

मेघना_आर

गणिती, इथे मी सुधीरच्या थोडी बाजूने. छोट्या काउंटीकडे एवढं करायला माणूस नसतो. त्यांनी मॉडेलचे स्वतःचे डिफ्लेटर वापरले, प्रत्येक खर्चाचं वर्ष बरोबर दिलं, तरी ९० टक्के काम झालं असं मी म्हणेन. वर्षच चुकलेलं असताना इंडेक्सवर वाद घालण्यात अर्थ नाही.

गणिती

हे मान्य. आधी वर्ष, मग इंडेक्स.

केतकी_प

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं तपशिलात कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या ड्राफ्टवाल्याला विचारलं, त्याने डीओटीचा हायवे इंडेक्सच लावलाय आणि आत २०२२ डॉलर इयर दिलंय, म्हणजे दोनदा डिफ्लेट झालेलं नाही. १०४३ टिकतोय.

आता शीटच्या खिचडीबद्दल सांगाल का? डिझाइन फी, जमीन, आणि व्हायचं असलेलं काम. शिवाय काउंटीचं आर्थिक वर्ष जुलै ते जून आहे, त्यांचे आकडे एफवाय २०२४ असे आहेत. आणि एक प्रश्न राहिला, १०४३ नोकऱ्या असं लिहिलं की लोकांना वाटतं एवढी माणसं रोज साइटवर होती.

गणिती

एकेक घेऊ.

जमीन काढून टाका. मालकी एकाकडून दुसऱ्याकडे गेली, त्यातून नवीन उत्पादन काही झालं नाही. ब्रोकरचं कमिशन, टायटलची फी, कायदेशीर खर्च तेवढे राहतील, २०२० च्या डॉलरमध्ये, आपापल्या इंडस्ट्रीत. बाँडवरचं व्याजही बांधकामात टाकू नका. डिझाइन फी बांधकाम नाही, ती आर्किटेक्चर-इंजिनिअरिंग सेवांमध्ये जाते, डॉलर इयर २०२१. तिला हायवेचा इंडेक्स लावू नका, इंजिनिअरचा ताशी दर डांबरासारखा उसळला नव्हता. आणि ती फर्म काउंटीबाहेरची असेल तर डायरेक्ट परिणाम इथला नाहीच, हा महागाईपेक्षा मोठा मुद्दा ठरू शकतो.

डॉलर इयर जसं जुन्याला लागतं तसं पुढच्यालाही. झाडं-पदपथाचा वेगळा इव्हेंट, २०२७. फक्त पुढच्या वर्षांचे डिफ्लेटर हे प्रोजेक्शनवर असतात हे रिपोर्टमध्ये एका वाक्यात लिहा. आणि ते काम अजून झालेलं नाही म्हणून त्याच्या नोकऱ्या झालेल्या कामात मिसळू नका, वेगळी ओळ ठेवा.

मेघना_आर

आर्थिक वर्षाचं मी सांगते. काउंटीचं एफवाय २०२४ म्हणजे जुलै २०२३ ते जून २०२४. फेडरलचं एफवाय २०२४ म्हणजे ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४. बहुतेक राज्यांचं जुलैपासून, पण न्यूयॉर्कचं एप्रिलपासून आणि टेक्सासचं सप्टेंबरपासून. आणि डिफ्लेटर असतात कॅलेंडर वर्षाचे. त्यामुळे तुझ्या शीटवरचं ‘२०२४’ हे कोणाचं २०२४ ते आधी पक्कं कर. पेमेंटच्या तारखा मिळत असतील तर महिन्यावार बघून कॅलेंडर वर्षात वाटून टाक, सरळ अर्धे-अर्धे करू नकोस, कारण थंडीच्या राज्यांत रस्त्याचं काम हिवाळ्यात जवळपास बंद असतं आणि बिलं उन्हाळ्यात-शरदात येतात. महागाई शांत असते तेव्हा याने फार फरक पडत नाही पण २०२१-२२ सारख्या काळात सहा महिन्यांतही भाव बदललेले असतात.

खडीवाला

नोकऱ्यांच्या शंकेचं उत्तर माझ्याकडे आहे कारण साइटवर किती माणसं होती ते आम्हाला तासावार माहीत असतं. मॉडेलची नोकरी म्हणजे एक माणूस एक वर्ष. तुझं काम दीड वर्ष चाललं, १०४३ भागिले १.५ म्हणजे एका वेळेला सरासरी ६९५, आणि त्यातही साइटवरचे थोडेच, बाकी खडीच्या खाणीत, ट्रकवर, ऑफिसात आणि या सगळ्यांचे पगार जिथे खर्च झाले तिथे.

फेडरल पैसा असेल तर डेव्हिस-बेकन या मजुरीच्या कायद्याखाली कंत्राटदाराला आणि सब-कंत्राटदारांना दर आठवड्याला सर्टिफाइड पेरोल द्यावा लागतो, बहुतेक वेळा डब्ल्यूएच-३४७ फॉर्मवर. माणूस, त्याचं काम, रोजचे तास, दर, सगळं त्यावर असतं. ते फॉर्म काउंटीकडे पडलेले असतील, मागून घे. समजा तास निघाले ८,३२,०००, भागिले २०८० (आठवड्याला ४० तास, ५२ आठवडे) म्हणजे ४०० पूर्णवेळ माणसं-वर्ष. या आकड्याला कुठला इंडेक्स लागत नाही, डेटा इयर लागत नाही, तास ते तास. मॉडेलचा डायरेक्ट आकडा त्याच्या शेजारी ठेव. फार लांब असेल तर डिफ्लेटरमध्ये किंवा इंडस्ट्री निवडण्यात काहीतरी चुकलंय.

गणिती

ही चाचणी सगळ्यात भारी आहे, मी कोणालाही हीच सुचवेन. फक्त एक काळजी, मॉडेलच्या नोकऱ्यांमध्ये फुल-टाइम पार्ट-टाइम दोन्ही मोजलेले असतात आणि खडीवालांचे ४०० फुल-टाइमच्या हिशोबाने आहेत, त्यामुळे मॉडेलचा आकडा थोडा वर असणार. साइटबाहेरचे ऑफिसचे लोकही पेरोलवर दिसत नाहीत. तंतोतंत जुळणार नाही पण ४०० च्या शेजारी ७०० आले तर थांबून बघायलाच हवं.

आणि हे तास खात्रीचे असतील तर मी अजून एक पायरी पुढे जाईन, डायरेक्ट नोकऱ्या आणि डायरेक्ट पगार मॉडेलला काढूच देऊ नका, खरे आकडे द्या आणि मॉडेलकडून फक्त पुढचे परिणाम घ्या. पगाराची रक्कम देताना तिलाही वर्ष द्यायचं, २०२४.

केतकी_प

पेरोलचे फॉर्म मागवलेत, काउंटीच्या लेबर कम्प्लायन्सवाल्या बाई म्हणाल्या की सब-कंत्राटदारांचे पण आहेत, स्कॅन करून पाठवतील. शीट मोडून प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने टाकतेय, खर्चाचं कॅलेंडर वर्ष, इंडस्ट्री आणि लावलेला इंडेक्स. जमीन काढली. रिपोर्टच्या पहिल्या पानावर जिथे जिथे डॉलर आहे तिथे ‘२०२४ डॉलर’ असं लिहायचं आणि नोकऱ्यांना ‘जॉब-इयर्स’ म्हणायचं ठरलंय. सिनियरना गणितींचं १२० आणि १०४.३ वालं उदाहरण कागदावर करून दाखवलं, ते म्हणाले मग मागच्या वर्षीच्या शाळेच्या बाँडचा रिपोर्ट पण परत काढ. तो २०१९ च्या डेटावर होता आणि खर्च २०२३ चा. त्याला नवीन शाळा बिल्डिंगचा पीपीआय लावू ना?

खडीवाला

हो, शाळेला तोच. फक्त त्यात फर्निचर, कॉम्प्युटर, स्मार्टबोर्ड बाँडमधूनच घेतले असतील तर ते आधी बाजूला काढ, त्यांचे भाव बिल्डिंगबरोबर चालत नाहीत आणि ते बहुतेक काउंटीबाहेरूनच आलेले असतात.